रिकामं पाणी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दिवाळीपासून भाच्याने कामाला जुंपलं होतं. शिवाय 'त्या पाण्यावरच्या विमानाचं काय झालं?' हे प्रत्येक नातेवाइकाला फोनवर वेगवेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतो.

भाचा धुळ्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने एक हवा भरायचा बोर्ड मिळवला. उभं राहून वल्हवतात ना, तसला. त्याच्या खाली सत्तर सेंटिमीटरचा दांडा, दांड्याच्या टोकाला पंख आणि मोटर. वेग आला की पाण्यातला पंख वर उचलतो, बोर्ड पाण्याबाहेर येतो आणि माणूस हातभर उंचीवरून तरंगत जातो. याला हायड्रोफॉइल म्हणतात. विकत घ्यायचं तर लाखांत जातं, म्हणून घरी करायचं. कल्पना तशी जुनीच. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या एचडी-४ या बोटीने ९ सप्टेंबर १९१९ला कॅनडात पाण्यातल्या पंखांवरच ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला होता. बेल तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. हे मी बहिणीला मुद्दाम सांगितलं, कारण 'या वयात तू त्याच्या नादाला लागलास' असं तिचं चाललं होतं :)

पंख म्हणजे काय हे समजायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्या पात्याचा आडवा छेद आणि आमच्या पंखाचा छेद ही एकाच घराण्यातली माणसं. फरक पाण्याचा. पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून जड. आमचा पंख दोन हजार चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे मोठ्या ताटापेक्षा थोडा जास्त. भाच्याने हिशेब मांडला : पाण्यात ताशी चौदा-पंधरा किलोमीटर वेगाला तो शंभर किलो उचलेल. तोच पंख त्याच वेगाने हवेत फिरवला तर जेमतेम सव्वाशे ग्रॅम. मी तो कागद जपून ठेवलाय.

खरी कटकट बोर्डाची होती. ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती गोल होते, हा बोर्ड सपाट राहतो. कारण वरच्या आणि खालच्या कापडाला आतून हजारो धाग्यांनी एकमेकांशी बांधलेलं असतं. तरी शेवटी तो हवेचाच. खालच्या दांड्याला झटका बसला की सगळा जोर एका जागी येतो आणि तिथे बोर्ड उशीसारखा दबतो. मग खाली एक, वर एक अशा प्लायवूडच्या फळ्या लावल्या, फायबरचा लेप दिला आणि दोन्ही पट्ट्यांनी आवळल्या. युक्ती एवढीच की पट्टे बोर्ड अर्धवट फुगलेला असताना बांधायचे आणि मग पूर्ण हवा भरायची. हवाच पट्टे ताणते. हाताने कितीही ओढले असते तरी एवढे घट्ट झाले नसते.

मोटरचं तर विचारूच नका. पाणी आत शिरू नये म्हणून भाच्याने रबरी रिंगा, ग्रीस, काय काय करून पाहिलं. शेवटी सबमर्सिबल पंपाच्या मोटरी रिवाइंड करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मोटर हातात घेऊन फिरवली आणि म्हणाले, "पानी जाऊ दे ना मझार, काय व्हस?" खरंच की. बोअरमधली मोटर वर्षानुवर्षं पाण्यातच असते, आणि पुष्कळशा मोटरींच्या आतही पाणीच भरलेलं असतं. तारेवरचं आवरण चांगलं हवं आणि बेअरिंग गंजणारं नको, बस्स. त्यांनी वायंडिंगवर इपॉक्सी चढवून दिलं, आम्ही स्टीलचे बेअरिंग टाकले आणि मोटर मोकळी सोडली. पाणीच तिला थंड ठेवतं. पैसे घेईनात, कसेबसे चहाचे दिले.

मग प्रश्न आला, चालवायचं कुठे? परदेशातले व्हिडिओ बघताना एक गोष्ट माझ्या नजरेत भरायची. तिथे एवढं मोठं तळं असतं आणि त्यात कोणी नसतं! आपल्याकडे असं रिकामं पाणी मला तरी माहीत नाही. जळगावचा मेहरूण तलाव विसर्जनाचा. खाली दांडा घेऊन तिथे जायला माझंच मन होईना. धुळ्याचा नकाणे तलाव शहराच्या पिण्याचा. हतनूरच्या फुगवट्यावर हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात, आणि गाळही अमाप.

राहिलं दादाचं शेततळं. रावेर तालुक्यात त्याची केळी आहे. तळं तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. एकवीस-बावीस लाख लिटर पाणी. मे महिन्यात केळी त्यावरच जगते. दादाने सगळं शांतपणे ऐकलं आणि पंखाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"कागद फाटला तर?"

याला उत्तर नव्हतं. भाच्याची मान खाली गेली. त्याचे दीड महिने एकीकडे आणि दादाचं वर्ष दुसरीकडे, यात तोलायचं काय? मी सामान गाडीत टाकायला निघालो. तेवढ्यात भाचाच उठला, बांधावर पडलेली ठिबकची जुनी नळी घेऊन आला, लांबीत चिरली आणि पंखाच्या कडांवर चढवली. अगदी मापात बसली. दादा हसला नाही, पण म्हणाला, "मधोमधच ठेवायचं. आणि जॅकेटशिवाय कोणी काठावर पाय ठेवायचा नाही." शेततळ्यात बुडालेल्यांच्या बातम्या तुम्हीही वाचता. कागद इतका निसरडा की पोहता येणारालाही वर चढता येत नाही. दादाने चारही बाजूंना गाठींचे दोर सोडलेत, ते त्याने आधी ओढून पाहिले.

तळ्यात उडणं शक्यच नव्हतं, तीस मीटरमध्ये वेग कुठून येणार? नळी चढवलेला पंख तसाही उचलणार नव्हता. बोर्डाला दोर बांधला, दोराला केळीचे घड मोजायचा काटा लावला आणि मोटर सुरू केली. काटा अठ्ठावीस किलोवर थांबला. वहिनींनी मळ्यातच भरीत-पुरी केली होती. त्या भरितावर वेगळं लिहावं लागेल, असो.

उडालो ते तापीवर. म्हणजे भाचा उडाला. सुलवाड्याच्या बॅरेजमुळे पावसाळ्यानंतर वरच्या अंगाला पाणी लांबवर तुंबून राहतं. परवानगीचे सोपस्कार भाऊजींनी निस्तरले. पण तिथेही पाणी रिकामं नव्हतंच. ट्यूबवर बसून मासे धरणारे एक काका भेटले. त्यांची जाळी नेमकी आमच्या वाटेत. "उद्या सकाळी उचलून ठेवतो," म्हणाले. जाळी उचलायची म्हणजे त्या दिवसाची मासळी गेली, हे भाच्याला मी रात्री सांगितलं. त्याने आईकडून पैसे मागून घेतले आणि पहाटेच त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी मोजून निम्मे परत केले.

पहिल्या आठ वेळा तो पडला. नवव्या वेळी मीटरवर पंचावन्न अँपिअर दिसत होते. बोर्ड पाण्याला चिकटलेला असतो तोवर मोटर अशीच धापा टाकते. आणि एकदम बोर्डाखालचा चापट्यांचा आवाज बंद झाला. काही वाजेना. पोरगं पाण्यापासून हातभर वर, गुडघे वाकवून, जीव मुठीत धरून सरळ चाललंय! प्रवाह पंचविसावर आला, हे त्याने नंतर सांगितलं. अर्ध्याहून कमी जोरात, पण वेग जास्त. दीडेकशे मीटर गेला असेल. बहीण काठावर उभी होती. ती काही बोलली नाही, पण तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

काका ट्यूबवरून सगळं बघत होते. भाचा काठावर आल्यावर ते जवळ आले, बोर्ड कलता करून खालची मोटर बघितली, पंखा बोटाने फिरवला आणि म्हणाले, "पंख ऱ्हाऊ द्या भाऊ, हाई खालनं देतस का?"

ट्यूबवर बसून हातांनी वल्हवत जाळ्यांपर्यंत जायला त्यांना पाऊण तास लागतो. परतताना वारा समोरचा.

गेले तीन रविवार भाचा त्याच कामात आहे. पंख काढून ठेवलाय. त्या वेगाला एवढी मोठी मोटर लागत नाही, दोनशे वॉटमध्ये भागेल असं तो म्हणतो. अडलंय ते बॅटरीपाशी. आमच्या बॅटरीलाच पस्तीस हजार लागले, आणि काकांचं ट्यूब, जाळी सगळं धरून तेवढं होत नाही. जुन्या ई-रिक्षाची बॅटरी स्वस्तात मिळते, पण वजन ऐकून काका म्हणाले, मग मासे कुठे ठेवू?