एका ट्यूबचा हिशेब

पुण्यातल्या मुली दुचाकीवर निघताना चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात, याचे बाहेरगावच्या पाहुण्यांना नवल वाटते. आपल्या ते अंगवळणी पडले आहे. म्हणूनच आमची नात महाविद्यालयातून घरी आल्यावरही स्कार्फ सोडीनाशी झाली, हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. ती एकोणीस वर्षांची, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात. कपाळावर आणि हनुवटीवर चार-पाच पुटकुळ्या यायच्या, आठ-दहा दिवसांत बसायच्या, आणि लगेच दुसऱ्या डोके वर काढायच्या. विकार तसा किरकोळ. परंतु वैशाखात माझ्या पुतण्याचा साखरपुडा झाला, त्यात ती एकाही छायाचित्रात उभी राहिली नाही. त्या दिवशी मला हे प्रकरण किरकोळ नाही, असे वाटले.

आमचे कुटुंब व्यापारी. बंधू व पुतणे भवानी पेठेतील धान्याची पेढी सांभाळतात; मी एकटाच एम.कॉम. होऊन बँकेत गेलो. एकत्र कुटुंबात रोगी एक आणि वैद्य अकरा असतात. कोणी मुलतानी माती सांगितली, कोणी लिंबाचा रस, तर एका भाचीने चक्क टूथपेस्ट. लिंबाने कातडी भाजल्यासारखी झाली, ते पहिले दोन दिवस. भुवासांनी आश्विनातील आयंबिलाची ओळी करायला सांगितली. चेहरा आरशासारखा होईल, ही त्यांची हमी. मी स्वतः पुस्तके चाळली. सुश्रुतसंहितेत या विकाराला मुखदूषिका म्हटले आहे, आणि तरुणांच्या तोंडावर सावरीच्या काट्यांसारख्या उठणाऱ्या पुटकुळ्या असे वर्णन केले आहे. जुन्या ग्रंथांत लोध्र, धणे व वेखंड यांचा लेप सांगितला आहे. ती काष्ठौषधे तुळशीबागेजवळून आणून मीच उगाळून दिली. पाच दिवसांनी वेखंडाची आग सोसवेना म्हणून तिने वाटी बाजूला सारली.

यानंतर मी जे केले, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आमच्या घराजवळच्या एका औषधाच्या दुकानात मी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला जातो. तेथील मुलाला सहज विचारले. त्याने काउंटरखालून एक छोटी ट्यूब काढली. "काका, सगळे हीच नेतात." किंमत शंभर रुपयांच्या आत. मी पाकीट उलटूनही पाहिले नाही. तीस वर्षे कर्जाच्या कागदपत्रांतील प्रत्येक ओळ वाचून सही करणारा मी, नातीच्या चेहऱ्याला लावायच्या औषधावरची चार ओळींची सूचना न वाचता घरी आलो.

ट्यूबने चमत्कार केला. आठवड्यात लाली गेली, वर्णही उजळला. नात हसू लागली आणि घरात माझा मान वाढला. मलम संपले की मी दुसरी ट्यूब आणायचो. पर्युषणाच्या सुमारास गालांवर बारीक, एकसारखे लाल पुरळ उठू लागले. मलम दोन दिवस न लावले तर चेहऱ्याची आग व्हायची. लावले की थांबायची. दिवाळीपर्यंत पुटकुळ्या पहिल्यापेक्षा तिप्पट झाल्या.

टिळक रस्त्यावरील त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी चेहरा पाहण्याआधी ट्यूब मागितली. त्यात बीटामेथासोन हे स्टिरॉइड होते. सूज व लाली दाबणे हे स्टिरॉइडचे काम, त्यामुळे आरंभी गुण येतो. दीर्घकाळ चेहऱ्यावर लावल्यास कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि मुरुमे नव्याने उठतात. थांबवले की त्वचा उलटून पेटते. आमच्या धंद्यात जुने थकलेले कर्ज नव्या कर्जातून फेडून घेऊन खाते कागदोपत्री स्वच्छ ठेवण्याचा एक प्रकार असे. निरीक्षक येईपर्यंत सारे छान दिसे. मला तेच आठवले.

ही केवळ आमच्या घरची कहाणी नव्हे. देशातील बारा केंद्रांवर त्वचारोगतज्ज्ञांनी केलेली एक पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण अशी स्टिरॉइड मलमे लावीत होते, त्यांतील 104 जण मुरुमांसाठी. 257 जणांना ती डॉक्टरेतर व्यक्तींनी सुचवली होती. आणि सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम कोणता? मुरुमेच. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉइड मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. माझ्या ट्यूबच्या पाकिटावरही तशी सूचना छापलेली होती. दुकानातील मुलाने ती पाळली नाही हे खरे. पण विचारणारा आणि विकत घेणारा मीच होतो. परतताना रिक्षात मी नातीची क्षमा मागितली. ती म्हणाली, "दादाजी, लावत तर मीच होते ना." त्याने माझे समाधान झाले नाही.

डॉक्टरबाईंनी आधी स्टिरॉइड बंद केले. सहा-सात आठवडे फार वाईट गेले. सौम्य साबण, साधे मॉइश्चरायझर आणि धीर एवढेच औषध होते. मग खरा उपचार सुरू झाला. तो पाहून मी थोडा निराश झालो, इतका तो साधा होता. रात्री ॲडापालीन 0.1 टक्क्याचे जेल, वाटाण्याएवढे, पुटकुळीवर टिकल्यासारखे नव्हे तर साऱ्या चेहऱ्यावर पातळ. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के. पहिले जेल त्वचेची रंध्रे बुजू देत नाही. दुसरे रंध्रांत वाढणारे जंतू मारते. पुटकुळी दिसण्याच्या कितीतरी आधी रंध्र आत बुजलेले असते, म्हणून न दिसणाऱ्या जागीही औषध हवे. मी विचारले, पाच किंवा दहा टक्के का नको? त्या म्हणाल्या, गुण जवळपास तेवढाच, जळजळ मात्र अधिक. व्याज वाढवून मुद्दल लवकर येत नाही, हे मला समजायला हवे होते. आरंभी कोरडेपणा येईल, कदाचित पुटकुळ्या वाढतीलही. आठ ते बारा आठवड्यांआधी निकाल विचारू नका, आणि बरे वाटल्यावरही ॲडापालीन सोडू नका, असे त्यांनी बजावले. स्कार्फ रोज धुवायचा आणि केसांचे तेल कपाळावर उतरू द्यायचे नाही, हेही.

सौभाग्यवतींनी आपला प्रश्न शेवटी विचारला: पोटात घ्यायचे काही असेल तर त्यात जिलेटिन नाही ना? आपल्या अनेक घरांत ही अडचण येते. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होते, आणि तीव्र मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन बहुधा जिलेटिनच्याच कॅप्सूलमध्ये मिळते. बाईंनी हसण्यावारी नेले नाही. सौम्य मुरुमांना पोटातील औषध लागतच नाही, पुढे लागलेच तर डॉक्सीसायक्लिन गोळीच्या रूपातही मिळते, असे त्यांनी सांगितले. हा प्रश्न चिठ्ठी लिहिली जात असतानाच विचारावा. नंतर कॅप्सूल कपाटात पडून राहतात आणि डॉक्टरांना वाटते रुग्ण औषध घेतो आहे. आयंबिलाविषयीही विचारले. गोड कमी केल्याने काहींना उपयोग होतो, दूध कमी केल्यानेही क्वचित, "पण तप तपासाठी करा, पुटकुळ्यांसाठी नको." भुवासांना हे उत्तर आवडले नाही.

जानेवारीत जेल सुरू झाले. फेब्रुवारीत नात एकदा ट्यूब फेकायला निघाली होती, कारण काहीच फरक दिसत नव्हता. तिच्या आईने कॅलेंडरवर बारावा आठवडा लाल शाईने दाखवला. मार्चअखेरीस गाल निवळले. आजही परीक्षेच्या दिवसांत हनुवटीवर एक-दोन येतात, आणि ती त्यांच्याकडे फारसे पाहत नाही. घरी आली की स्कार्फ दारामागच्या खुंटीवर जातो.

एक तक्रार मात्र उरली आहे. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवते, हे आम्हाला सांगितले असूनही आम्ही विसरलो. घरातील तीन निळ्या टॉवेलांवर आणि सौभाग्यवतींच्या आवडत्या उशांच्या अभ्र्यांवर पांढरे नकाशे उमटले. परवा त्या लक्ष्मी रस्त्यावरून अर्धा डझन टॉवेल घेऊन आल्या, सगळे पांढरे.