लोड, पाट आणि पाव तास

दवाखान्यात आलेलं मूल आधी प्रवासातून आलेलं असतं. पहाटेची एसटी, मग रिक्षा, मग बाकावरची रांग. सहा-सात वर्षांचा मुलगा आईच्या कडेवर आणि तिच्या खांद्याला पिशवी. पिशवीत त्याचे स्प्लिंट, डबा, फाइल. सेरेब्रल पाल्सीत बहुधा स्नायू मुळातच ताठ. थंडी, थकवा, भीती यांनी ते आणखी आवळतात. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, अंगठा मुठीत दडून बसतो. थेरपिस्ट म्हणून माझा निम्मा वेळ तो ताठरपणा ओसरण्याची वाट बघण्यात जायचा, आणि तो ओसरेपर्यंत परतीच्या गाडीची वेळ झालेली असायची.

2020 साली टाळेबंदीत सगळी दारं बंद झाली तेव्हा हीच मुलं मला त्यांच्या घरी भेटू लागली, फोनच्या पडद्यावर. दारं पुन्हा उघडली, तरी लांबच्या गावांसाठी हा रिवाज मी मोडला नाही.

पहिली सूचना सगळ्यांना एकच असते: फोन खाली ठेवा, डब्याला टेकवून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. मग मलाही ते घर त्याच्या उंचीवरून दिसतं. सारवलेली जमीन, उंच उंबरा, पलीकडे चुलीजवळ आजी. कुकरची शिट्टी झाली की पोराचं सगळं अंग दचकतं. आईला ते ठाऊक असतं, म्हणून ती कुकर आधीच उतरवून ठेवते. आणि कोपऱ्यात लोड. दवाखान्यात ज्याला आम्ही बोल्स्टर म्हणतो, तो इथे कापूस भरून पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे. त्यावर मुलाला पालथं घातलं की तळहात आपोआप जमिनीला टेकतात, खांद्यांवर भार येतो, मान वर उचलावीशी वाटते, कारण समोर ताटलीत गुळाचा खडा आहे. पाटावर बसवलं की पावलं सपाट टेकतात. भिंतीचा कोपरा पाठीला दोन्ही बाजूंनी धरतो. परातीतल्या ज्वारीत हात खुपसला की मूठ हळूहळू उघडते आणि दडलेला अंगठा बाहेर येतो. हे सगळं त्या घरात आधीपासून होतं, मला ते फक्त ओळखायचं असतं.

नसतात ते माझे हात. स्नायू किती ओढायचा हे बोटांना कळतं, डोळ्यांना नाही, आणि स्पर्श काही तारेतून जात नाही. म्हणून मला विचारावं लागतं: गुडघ्यावर जोर देऊ नका, तळहात खालून लावा, थांबा, आता हाताखाली काय लागतंय? पलीकडे शांतता. मग आई म्हणते, "मॅडम, सुटलं आता." त्या दोन शब्दांनी मला जो आनंद होतो, तो स्वतःच्या हाताने स्नायू सैल करताना कधी झाला नव्हता. जाणीव त्या घरात पोचलेली असते. मी पडद्यावरून गेले तरी ती तिथेच राहते.

जवळजवळ प्रत्येक आई आपली हकिकत जन्मापासून सुरू करते. "रडलंच नाही. काचेच्या पेटीत ठेवलं होतं." आवाजात अपराध असतो. लंडनच्या विल्यम लिटल यांनी 1861 मध्ये अशा ताठर हातापायांचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. त्यांचा स्वतःचा एक पाय लहानपणापासून वाकडा होता. पुढे 1897 मध्ये व्हिएन्नाच्या फ्रॉइडने, हो त्याच फ्रॉइडने, म्हटलं की अवघड बाळंतपण ही आधीच काही बिघडल्याची खूणही असू शकेल. पुष्कळ मुलांच्या बाबतीत कारण पोटातच घडून गेलेलं असतं, हे आज आपल्याला माहीत आहे. व्यायाम दाखवण्याआधी मी आईला हे सांगते, आणि पुन्हा पुन्हा सांगते.

डेन्मार्कमध्ये अशा मुलांसाठी संगणकावरून घरच्या घरी घेण्याचं प्रशिक्षण तयार झालं: कॅमेऱ्यासमोर खेळ, रोज अर्धा तास, वीस आठवडे, आणि दुरूनच खेळ अवघड करत नेणारा थेरपिस्ट. आमच्याकडे पुष्कळ घरांत एकच फोन असतो आणि तो सकाळी बाबांबरोबर कामावर जातो. म्हणून मला ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक यांचा 2009 चा अभ्यास जास्त जवळचा वाटतो. 36 मुलं, घरच्यांनी स्वतः निवडलेली ध्येयं, आणि एका वेळचा व्यायाम सरासरी पाव तासाच्या आसपास. आठ आठवड्यांत फरक दिसला.

पाव तास! ज्या बाईला पाणी भरायचंय, भाकरी थापायचीय, दुसरं मूल शाळेत धाडायचंय, तिच्या हाती वीस व्यायामांची यादी देणं मला क्रूर वाटतं. यादी अपुरी राहते आणि अपराध वाढतो. त्यापेक्षा एकच गोष्ट धरावी, घराला हवी ती. एका आजीने सांगितलं, "पंगतीत बसून जेवू दे त्याला." मांडी, पाठ, हात, नजर, सगळं त्यात आलं. मग आम्ही बाकी सारं बाजूला ठेवलं.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. न चालणाऱ्या मुलाचा खुब्याचा सांधा हळूहळू निसटू शकतो आणि ते पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी एक्स-रे लागतो, तोही ठरावीक काळाने. झटके वाढले, गिळताना ठसका लागू लागला, तर गाडी धरून यावंच लागतं. फोन आहे म्हणून तालुक्याला थेरपिस्ट नको, असं कुणी म्हणू लागलं तर मी त्याच्याशी भांडेन. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने या मुलांचं नाव घेऊन हक्क दिलेत, ते फोनच्या रेंजवर टांगून ठेवायला नाहीत.

अलीकडे काही घरांची वेळ मी रात्री आठची करून घेतली आहे. मूल वाढतं, वजन वाढतं, आईचं मनगट आणि कंबर बोलू लागते. आठ वाजता बाबा घरी असतात. दिवसभर पोती उचललेले ते हात पहिल्यांदा फार जोर लावतात. मी म्हणते, हळू, त्याला ओढायचं नाही, त्याची वाट पाहायची. दोन-तीन रात्रींत जमू लागतं. परवा एकाने विचारलं, "रोज किती वेळ करायचं, मॅडम?"

"पाव तास. ताईंची भांडी घासून होईपर्यंत."

"मग जमेल," तो म्हणाला, आणि लोड पुढे ओढला.