सरळ रेषेतले अंतर

जबलपूरच्या डुमना विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ८७० किलोमीटर आहे. थेट विमान पावणेदोन-दोन तासांत ते कापते. रेल्वे मात्र इटारसी, खंडवा, भुसावळ असा वळसा घेत जाते. तिची वाट हजार किलोमीटरच्या जवळ भरते आणि तिला सोळा-सतरा तास लागतात. सूर्याचा हिशेब याहून निराळा. जबलपूरच्या रेखांशावरून मुंबईच्या रेखांशावर यायला त्याला २९ मिनिटे पुरतात.

प्रवासाच्या वेळेचे गणित या गावाला नवे नाही. मुंबईकडून आणि अलाहाबादकडून आलेल्या लोहमार्गांचा सांधा ७ मार्च १८७० रोजी जबलपुरात जुळला आणि मुंबई-कलकत्ता हा सलग प्रवास शक्य झाला. पुढे १८७२ साली ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ऐंशी दिवसांतील जगप्रदक्षिणेची कादंबरी प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यातील वेळापत्रकात मुंबई-कलकत्ता टप्प्याला तीन दिवस दिलेले आहेत. परंतु वाटेत रूळच संपतात आणि नायकाला हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षातले रूळ तोवर जुळलेले होते. तरीही कागदावरची सलग वाट पायांखाली तुटू शकते, हे व्हर्नने नेमके हेरले होते.

भोसल्यांच्या अमदानीपासून जबलपुरात मराठी घरे आहेत. १९५६ साली नागपूरचे उच्च न्यायालय येथे आले, तेव्हा त्याच्यामागोमाग आणखी काही कुटुंबे आली. त्यांतल्या अनेकांच्या लेकी-सुना पुढे पुण्या-मुंबईला गेल्या, आणि अंतराचा आकडा घरोघरी पाठ झाला.

नेपियर टाउनमधील अशाच एका घरात पहाटे चारला दूरध्वनी वाजतो. धाकटी बहीण दादरहून सांगते, ‘‘दादा, आईला इस्पितळात हलवलंय. सारखं तुझं नाव घेते आहे. निघ तू.’’ रात्रीची गाडी केव्हाच निघून गेलेली असते. उजाडेपर्यंत तिकिटाची खटपट चालते. साडेअकराच्या विमानात एक जागा मिळते. डुमना शहराबाहेर, रानाच्या कडेला. दोन तास आधी पोहोचायचे म्हणून गृहस्थ नवाच्या आतच निघतात. नव्या, प्रशस्त इमारतीत खुर्चीवर बसून ते घड्याळाकडे पाहत राहतात.

विमान सुटते. खाली सातपुडा सरतो, वऱ्हाड सरते, सह्याद्री येतो. हे दोन तासच काय ते ठरल्याप्रमाणे जातात. मग सामानाचा पट्टा, टॅक्सीची रांग, माहीमजवळची कोंडी. इस्पितळाचा जिना चढताना तीन वाजलेले असतात.

आई जागी असते. तिने उभी हयात हा प्रवास रेल्वेने केलेला. शिदोरी बांधून, इगतपुरीला उजाडताना वेणी घालून. मुलाचा हात हातात घेऊन ती क्षीण आवाजात विचारते, ‘‘किती वेळ लागला रे यायला?’’

‘‘दोन तास, आई.’’

ती समाधानाने डोळे मिटते. पहाटेपासून उशाशी बसलेली बहीण एकवार भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहते, आणि काहीच बोलत नाही.