नाट्यपद पाचव्या नंबरवर

परवा एका जुन्या मैत्रिणीचा फोन. ती एका म्युझिक अ‍ॅपमध्ये मराठीच्या प्लेलिस्ट बघते, आणि तिच्या टीममध्ये एक जागा निघालीये. "सारखा गाण्यांवर बोलत असतोस ना? मग रविवार सकाळसाठी तीस गाणी लावून पाठव. जमलं तर पुढचं बोलू."

बारा वर्षं कोड पाडणाऱ्या माणसाला आणखी काय हवं! शनिवारी रात्रभर बसलो. वसंतरावांचं नाट्यपद, मग भीमसेनजींचे अभंग, माणिक वर्मा, खळेकाका... स्वतःवरच खूश होऊन यादी पाठवली.

उत्तर एका ओळीचं : "ही तुझी आवडती गाणी झाली. प्लेलिस्ट कुठेय?"

लागलं जरा. मग तिने फोन करून समजावलं. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं तरच ते 'ऐकलं' असं धरतात. माझ्या नाट्यपदाची तीस सेकंदं पेटी आणि आलापातच संपतात. हातात चहा घेतलेला माणूस तोवर पुढे गेलेला असतो! म्हणून सुरुवातीला ओळखीचं गाणं, आणि अनोळखी गाणं दोन ओळखीच्यांच्या मध्ये बसवायचं. एकाच आवाजाचे दोन अभंग पाठोपाठ नकोत. जुन्या खरखरीत रेकॉर्डला लागून आजचं चकचकीत सिनेमागीत नको, कान दचकतो. आणि दिवसाचा अर्धा वेळ एक्सेलमध्ये, चुकलेले गीतकार-संगीतकार दुरुस्त करण्यात. (हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.)

आता तुम्ही म्हणाल, हे मशीन करेल की. करतंच. २०१५ पासून डिस्कव्हर वीकली दर सोमवारी तीस गाणी देतं : तुमच्यासारखी आवड असलेले लोक काय ऐकतात, त्यावरून. पण जे गाणं अजून कुणी ऐकलंच नाही, त्याच्याबद्दल त्या गणिताला काय कळणार? तिथे कुणीतरी माणूस लागतोच.

अमीन सयानींनी १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू केली, तेव्हा कुणी मध्येच खटका बंद केला तरी त्यांना कळत नव्हतं. मैत्रिणीला प्रत्येक खटका दिसतो. मला नाही वाटत मी ते सहन करू शकेन.

शिवाय पगार निम्मा. आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्पॉटिफायने सुमारे १५०० लोकांना घरी पाठवलं, त्यात ग्लेन मॅकडॉनल्डही होता. 'एव्हरी नॉइज अ‍ॅट वन्स' हा हजारो संगीतप्रकारांचा नकाशा बनवणारा माणूस. कोड आणि कान, दोन्ही असलेला! त्याची ही गत, तर आपण कोण? बायकोने फक्त होमलोनचा हप्ता कितीचा आहे ते विचारलं.

असो. काल दुसरी यादी पाठवली. पहिलं गाणं सगळ्यांच्या ओळखीचं. नाट्यपद पाचव्या नंबरवर आहे. ते काही काढवलं नाही.