सोवळ्यात ठेवलेली पुस्तकं

‘एकदा नीट वेळ काढून वाचायचंय’ हे वाक्य मराठी वाचक ठरावीक पुस्तकांबद्दलच बोलतो. रहस्यकथेबद्दल किंवा प्रवासवर्णनाबद्दल असं कुणी म्हणत नाही. ती वाचून होतात किंवा राहून जातात. ‘नीट वेळ’ लागतो तो ज्ञानेश्वरीला, लीळाचरित्राला, गीतारहस्याला, मर्ढेकरांना, अलीकडे नेमाड्यांच्या ‘हिंदू’ला. पुस्तक घेतलेलं असतं, त्याला कव्हर घातलेलं असतं, घर बदललं की ते पहिल्या खोक्यात जातं. वाचायचं मात्र निवृत्तीनंतर. याला आळस म्हणून मोकळं होता येईल, पण आळशी माणूस पुस्तक विसरतो. हा वाचक विसरत नाही. कपाटापुढून जाताना त्या पुस्तकाच्या कण्याकडे नजर गेली की जरा ओशाळतो. देणेकऱ्याच्या दारावरून जाताना माणूस पावलं भरभर उचलतो, तसं काहीसं त्याचं होतं. जुने मराठी ग्रंथ शिकवणं आणि त्यांचे पाठ तपासणं हा माझा विषय असल्यामुळे या ओशाळलेपणाचा विचार करणं मला टाळता येत नाही. माझं म्हणणं असं की, ही भीती त्या पुस्तकांमध्ये नाही. ती बाहेरून त्यांच्यावर चढवलेली आहे, आणि चढवणाऱ्यांत आम्हा अभ्यासकांचा वाटा मोठा आहे. त्यातली विसंगती अशी की, ज्यांचा आज सर्वांत जास्त धाक वाटतो, ती पुस्तकं बहुतेक करून दुसऱ्या कुठल्यातरी धाकातून माणसांची सुटका व्हावी म्हणूनच जन्माला आली होती.

आधी नेहमीची दोन कारणं बाजूला काढू. पहिलं कारण जाडीचं. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ १९६७ साली आलं. ते काही चोपडं नाही, चांगलं जाडजूड आहे. ते मांडीवर घेऊन रात्री जागवलेल्या वाचकांच्या पिढ्या महाराष्ट्रात आहेत. उलट मर्ढेकरांचं ‘काही कविता’ (१९४७) हे पुस्तक बसल्या बैठकीला संपेल एवढंच, तरी ते हातात घेताना माणूस दचकतो. दुसरं कारण जुन्या भाषेचं. तुकोबांची भाषा सतराव्या शतकातली. त्यांच्या गाथेतले अनेक शब्द आज कोशात पाहावे लागतात. पण वारीत अभंग म्हणणारा माणूस शब्द अडला म्हणून चाल सोडत नाही. टाळाच्या ठेक्यावर पुढच्या चरणाला जातो आणि अर्थ मागाहून, कधी वर्षांनी, येऊन मिळतो. जाडी आणि भाषा अडचणीच्या आहेत, नाही असं नाही. पण अडचण आणि भीती या दोन निरनिराळ्या गोष्टी. अडचण पुस्तक उघडल्यावर येते, भीती त्याआधी.

उघडण्याआधीच जी भीती वाटते, तिला आपल्याकडे जुना शब्द आहे : अधिकार. हे पुस्तक वाचायचा माझा अधिकार आहे का? गुरुचरित्राभोवती हा प्रश्न अगदी उघडपणे उभा केला गेला. सोवळं हवं, सात दिवसांचा नेम हवा, खाण्यापिण्याची पथ्यं हवीत. बायकांनी तर हात लावू नये, असंही बजावलं गेलं. आज हे मोडून वाचणाऱ्या बाया घरोघर आहेत. पण अधिकाराची कल्पना गेली नाही, तिनं वस्त्र बदललं. धाबळीच्या जागी प्रस्तावना आली. शंभर पानांची विवेचक प्रस्तावना, मग पाठभेद, मग संदर्भसूची, आणि त्यानंतर कुठेतरी मूळ ग्रंथ. त्याच्याही आधी शाळेनं आपलं काम केलेलं असतं. मुलाला पहिला अभंग भेटतो तो ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ या आज्ञेसकट, आणि मर्ढेकर भेटतात ते ‘नवकवितेची वैशिष्ट्ये सोदाहरण लिहा’ या प्रश्नाचं उदाहरण म्हणून. ज्याच्यावर गुण कापले जातात, तो मजकूर पुढे आयुष्यभर परीक्षकासारखा दिसत राहिला तर नवल नाही.

लीळाचरित्राचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी, त्या प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना विचारून विचारून गोळा केल्या. त्या काळी शास्त्र म्हटलं की संस्कृत. ‘स्मृतिस्थळ’ या महानुभाव ग्रंथात एक प्रसंग आहे : पंथातले केशिराज संस्कृतात काही रचू पाहतात आणि पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य त्यांना थांबवतात. कारण काय, तर तशानं आपल्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील. एखादा ग्रंथ कोणत्या भाषेत असावा, हे पंथातल्या म्हाताऱ्यांकडे बघून ठरवलं गेल्याचं इतकं रोखठोक उदाहरण मला दुसरं माहीत नाही. ग्रंथाच्या आतही तेच. वाक्यं आखूड, बोलण्यातली. कुणी येतं, दंडवत घालतं, काही विचारतं, स्वामी उत्तर देतात, लीळा संपते. पुष्कळ लीळा अर्ध्या पानाच्याही नाहीत. विटाळाचा प्रश्न निघाला, तेव्हा शरीराच्या इतर स्रावांसारखाच हा एक स्राव, एवढ्या साध्या शब्दांत स्वामी तो निकालात काढतात. शेणाचं घर आणि मेणाचं घर ही गोष्टही तिथेच आहे. फक्त आपल्या चिमणीच्या जागी तिथे साळई आहे. म्हणजे ज्या ग्रंथाला हात लावायला मराठी माणूस कचरतो, त्यातली एक गोष्ट त्यानं घास भरवून घेताना ऐकलेली असते.

मग हा ग्रंथ अवघड कधी झाला? एका अर्थानं तो खरोखरच कुलूपबंद होता. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले आणि शतकानुशतकं ते पंथाबाहेर कुणाला वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी महंतांच्या सहकार्यानं राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी ते कुलूप काढलं. पुढे नेने, तुळपुळे, कोलते यांनी आवृत्त्या सिद्ध केल्या. या परिश्रमांचं मोल मी कमी लेखत नाही. त्यांच्याशिवाय माझ्या विषयाला उभं राहायला जमीनच नव्हती. पण संशोधकासाठी केलेली आवृत्ती आणि वाचकासाठी केलेली आवृत्ती यांतला फरक आम्ही कधी मनावर घेतला नाही. लिपीचं कुलूप निघालं आणि त्या जागी तळटीपांचं बसलं. पान उघडावं तर वर चार ओळींची लीळा, खाली बारा ओळींचे पाठभेद. पाठभेदाची ती बारीक अक्षरं वाचकाला एकच गोष्ट सांगतात : हे तुझं काम नाही.

ज्ञानेश्वरीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या पहिल्याच पानांत खरी चढण आहे, हे मान्य केलं पाहिजे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला समोर बसलेल्या श्रोत्यांना सांगितलेला हा ग्रंथ. अठरा अध्याय, सुमारे नऊ हजार ओव्या. संकल्प करून बसलेला वाचक पहिली ओवी उघडतो आणि थेट गणेशाच्या रूपकात सापडतो. तिथे स्मृती हे गणेशाचे अवयव, अठरा पुराणं हे अलंकार, सहा दर्शनं हे सहा हात. तर्क हा हातातला परशू, वेदान्त हा मोदक, आणि मोडका दात म्हणजे बौद्धमत. भारतीय तत्त्वज्ञानाची सगळी वंशावळ इथे पाच मिनिटांत एका मूर्तीवर चढवली जाते. हे रूपक अपूर्व आहे, पण सहा दर्शनं कोणती हेच ज्याला ठाऊक नाही त्याला ते गर्भगृहाच्या दारावरच्या दगडी चौकटीसारखं भारी वाटणार. त्याच मूर्तीच्या कमरेला काव्य-नाटकांच्या बारीक घंटा बांधलेल्या आहेत आणि त्या अर्थाच्या नादानं रुणझुणतात, इथपर्यंत तो पोचतच नाही. बहुतेकांची ज्ञानेश्वरी पहिल्या वीस ओव्यांत थांबते, आणि आपली पात्रता नाही असा निष्कर्ष काढून माणूस ती देवघरात ठेवतो. वास्तविक इथे चूक वाचकाच्या पात्रतेची नाही, प्रवेशाच्या जागेची आहे. श्रवणासाठी जमलेल्या मंडळींना मंगलाचरण परिचित होतं, त्यांना त्याचा सराव होता. तो सराव गेला, पण सुरुवात पहिल्या ओवीपासूनच केली पाहिजे हा नियम मात्र राहिला. हा नियम ग्रंथाचा नाही. वारकऱ्यांनी तर उलट सवय लावली : सगळ्या ओव्यांचा हट्ट न धरता एखादी तरी अनुभवावी, असं सुचवणारा नामदेवांच्या नावचा अभंग सगळ्यांना पाठ असतो. पाठ असतो, आणि पाळला जात नाही.

प्रस्तावनेनं वाचकाला दूर ठेवण्याची ही रीत ‘गोलपिठा’च्या वेळी मात्र एका जाणत्या माणसानं उलटी करून दाखवली. नामदेव ढसाळांचा हा पहिला संग्रह १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आला आणि त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. तोवर तेंडुलकर मराठीतले नामवंत नाटककार झालेले. त्यांनी या कवितेचं परीक्षण करायला आसन मांडलं नाही; तिच्यातल्या कामाठीपुऱ्याच्या जगातले कितीतरी शब्द आपल्याला कळत नाहीत हे कबूल केलं आणि कवीलाच अर्थ विचारले. प्रस्तावनाकारानंच ‘मला कळलं नाही’ म्हटल्यावर वाचकाला ते म्हणण्याची चोरी राहत नाही. आमच्या प्रस्तावनांमध्ये हे एक वाक्य सापडणं किती दुर्मीळ आहे, हे कुठलीही चार पुस्तकं उघडून बघावं.

यावर आक्षेप येतात, आणि त्यातले काही वजनदार आहेत. पहिला असा की, लीळा नि ओव्या सुट्या सुट्या असतात, तिथे मधूनच शिरता येतं. पण सलग युक्तिवादाचं काय? गीतारहस्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलं, ते छापून आलं १९१५ मध्ये, आणि त्याची पंधरा प्रकरणं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत. इथे मी हात टेकतो. या पुस्तकाला खरोखरच नीट वेळ लागतो आणि त्याची थोडी धास्ती वाटणं रास्त आहे. पण मराठीतल्या भीतिदायक पुस्तकांत अशी पुस्तकं थोडी. ‘हिंदू’चंच घ्या. २०१० साली आलेली सहाशेच्या घरातली ही कादंबरी वर्षानुवर्षं गाजतच आली, त्यामुळे वाचण्याआधीच तिच्यावर मत असणं सक्तीचं झालं. लोक तिच्यात धाग्याची शोधाशोध करतात, धागा सुटला की आपण नापास झालो असं समजून ती मिटतात. पण तिच्या उपशीर्षकातच ‘अडगळ’ हा शब्द आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननातून खानदेशातल्या गावी निघालेल्या खंडेरावाच्या डोक्यात जे जे येतं ते ती साठवत जाते, आणि अडगळीच्या खोलीत माणूस शिरतो तेव्हा यादी घेऊन शिरत नाही.

दुसरा आक्षेप माझ्याच व्यवसायबंधूंचा असेल : अशानं चार ओव्या चाखून ज्ञानेश्वरी वाचल्याचा आव आणणारे वाढतील. आव आणणारे आजही आहेत, आणि माझ्या मते ते भीतीतूनच तयार होतात. ज्याला मूळ पुस्तकाची भीती वाटते तो पुस्तकाबद्दलची पुस्तकं वाचतो, व्याख्यानं ऐकतो, परिचय वाचतो. मग त्याच्याकडे मतं जमतात आणि मूळ वाचायची गरज उरत नाही. चार ओव्या खऱ्याखुऱ्या वाचलेल्या माणसाकडे निदान चार ओव्या असतात. फ्रेंच लेखक दानियल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाच्या दहा हक्कांची यादीच केली. त्यात पानं गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क आहे, आणि पहिला मान तर न वाचण्याच्या हक्काला. आपल्याकडे हे हक्क कागदावर आले नाहीत एवढंच. कीर्तनकार आणि वारकरी ते पिढ्यानपिढ्या बजावत आलेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. काही पुस्तकांची भीती वाचकाच्या पात्रतेची नसतेच. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. भाषा सोपी, पानं बेताची. तरी ते कित्येक सुशिक्षित घरांत वर्षानुवर्षं न उघडता राहिलं, कारण आत काय दिसेल आणि त्यात आपण कुठे उभे असू, याचा अंदाज वाचकाला असतो. ही भीती प्रस्तावना काढून टाकल्यानं जाणार नाही. फक्त तिला ‘नीट वेळ मिळत नाही’ हे नाव देऊ नये. त्या नावाखाली ती पहिल्या भीतीत मिसळते, आणि मग वाचकालाही कळेनासं होतं की तो अवघडपणाला घाबरतोय की ओळख पटण्याला.

पहिल्या भीतीबद्दल मात्र अगदी व्यवहाराचं सांगता येतं. ज्ञानेश्वरी तेराव्या अध्यायात, अडीचशेव्या ओवीच्या आगेमागे उघडावी. अर्थासह छापलेली कुठलीही साधी प्रत चालेल. अर्थ नंतर बघावा, आधी ओव्या मोठ्यानं म्हणाव्यात. तिथे अहिंसेचं वर्णन चाललेलं आहे, पण तत्त्व म्हणून नव्हे. अहिंसक माणूस चालतो कसा, एवढंच ज्ञानेश्वर बघत बसले आहेत. पाण्यातला बगळा, नजर सावजावर असूनही, लाट मोडू न देता पाऊल टाकतो. केसर चुरडेल या शंकेनं भुंगा कमळावर हलकेच पाय ठेवतो. मांजरी पिलू तोंडात धरते, तेव्हा तिच्या दातांची टोकं त्याला जेवढी लागतात, तेवढाच या माणसाचा पाय जमिनीला लागतो. ओव्या मोजक्याच आहेत, म्हणायला पाच मिनिटं पुरतात, आणि त्या म्हणताना आपलाही आवाज आपोआप खाली येतो.