दादऱ्यातला ब्रायन अ‍ॅडम्स

घाटकोपरहून बोरिवलीला लग्नाला जायचं म्हटलं की पूर्वी घरातून निघतानाच जांभया यायच्या. आता वन लाइनने डी. एन. नगर, तिथून टू-ए पकडून थेट मंडपेश्वर. लोकलचा धक्का नाही, शर्टाची इस्त्री शाबूत! निमित्त, ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या भावाचं लग्न. खरं निमित्त, पुढच्या आठवड्यात ती कायमची टोरांटोला चालली होती.

लवकर पोचलो म्हणून लेणी बघून घेतली. आत शंकर, त्याच दगडात पोर्तुगीजांच्या काळात कोरलेला क्रूस आणि वर टेकाडावर मठाच्या पडक्या भिंती. साष्टी १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतली. दोनशे वर्षांचा शेजार तो! बाजूच्या आय.सी. कॉलनीत तो अजून ऐकू येतो. मैत्रीण ईस्ट इंडियन. हे नाव या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतलं. नाव इंग्रजी, पण तिची आजी मला म्हणाली, ''फुगिया खाल्ल्याबिगर जायाचा नाय हां!'' बॉटल मसाल्याच्या रश्श्याबरोबर सात खाल्ल्या. मोजल्या होत्या.

मग ग्रँड मार्च झाला, टोस्ट झाला, दिवे मंदावले. बँडच्या गिटारवाल्याने तार छेडली आणि मी ओळखलं. 'हॅव यू एव्हर रिअली लव्ह्ड अ वुमन?' १९९५ च्या 'डॉन वॉन डीमार्को' सिनेमातलं ब्रायन अ‍ॅडम्सचं गाणं. मूळ रेकॉर्डवर गिटार पाको दे लुसियाची, म्हणजे फ्लॅमेंकोचा बादशहाच. अ‍ॅडम्सचा तो खरखरीत रॉकवाला गळा आणि खाली ती स्पॅनिश तार. गाणं प्रेमाचं, पण निरोपाचं वाटतं. निदान त्या रात्री मला वाटलं.

''अरे, उठ ना.''

''मला नाचता येत नाही.''

''गणपतीत रस्त्यावर कोण नाचत होतं मग?''

बॉस, गणपतीत हात कुठे ठेवायचा हा प्रश्न नसतो! इथे एक हात तिच्या हातात, दुसरा पाठीवर, आणि तिच्या तीन मावश्या समोरच्या खुर्च्यांवर. घाम फुटला. तेवढ्यात लक्षात आलं की हे गाणं सहाच्या ठेक्यात चाललंय. आपला दादराच की हा! शाळेत असताना तबल्याच्या क्लासला दोन वर्षं घातली होती, ती बोरिवलीत कामाला आली. धा धी ना, धा ती ना. मनातल्या मनात मोजत राहिलो.

''काय पुटपुटतोयस?''

''काही नाही.''

सांगायचं बरंच होतं. दोन वर्षं एकाच टेबलावर डबा खाल्ला, तेव्हा सुचलं नाही. आता सुचत होतं, तर गाणं शेवटच्या कडव्यावर आलेलं. आणि अ‍ॅडम्ससुद्धा कॅनडाचाच निघावा!

बँडने लगेच मसाला सुरू केला. ती धावती कोकणी गाणी लागली की खुर्चीवर कोणी उरत नाही. मावश्या उठल्या, तिला ओढून घेऊन गेल्या. मी आजीबरोबर नाचलो. ती माझ्यापेक्षा खूपच बरी नाचते.

परतीच्या मेट्रोत मांडीवर बोटं वाजवत होतो. शेजारचे काका बघायला लागले तेव्हा थांबलो. घाटकोपरला उतरलो तर मेसेज. ''ठेका बरोबर होता, पाय चुकत होते.''

उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी ''फ्लाइट किती वाजता?'' एवढंच पाठवलं.