आडनाव

माझे वडील दौंडला रेल्वेत गँगमन होते. आईचे माहेर शिरूरचे. बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, पुढे १९२० साली शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांचे कर्ज घेऊन अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले, हे आमच्या घरात लहान पोरांनाही पाठ. म्हणून २०१७ साली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर मी एम.ए.साठी लंडनला निघाले, तेव्हा शिरूरच्या आजीला नवल वाटले नाही. तिने शेंगदाण्याची चटणी तेवढी जास्त बांधली.

पहिले दोन महिने वर्गात मी तोंड उघडले नाही. वाक्य मनात आधी मराठीत जुळायचे, तोवर विषय पुढे गेलेला असे. मात्र एक सुख होते. तिथे जात कोणी विचारीत नव्हते.

विचारले ते आपल्याच मुलीने. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी पावाला चटणी लावून खात होते. वास ओळखून ती मराठीत बोलली. मला भरूनच आले. चटणी तिलाही दिली.

"गाव कुठलं गं?"

"शिरूर."

"आणि आडनाव?"

मी वडिलांचे नाव सांगितले, आडनाव गिळले. तिच्या ध्यानात आले की नाही, कोण जाणे. मीच तिला टाळू लागले. दौंडच्या क्वार्टरच्या दारावर वडिलांनी तेच आडनाव ऑइलपेंटने ठळक रंगवून घेतले होते. दिवाळीला घराआधी ती पाटी पुसत.

एका रविवारी चॉक फार्म स्टेशनला उतरले. रुळांवरचा पूल ओलांडला की किंग हेन्रीज रोड लागतो. १० नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर घेतले. बाहेर निळी गोल पाटी आहे. त्यावर त्यांचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सगळे. आत जायचा धीर झाला नाही. पुलावर परत येऊन वडिलांना फोन लावला आणि घडले ते सांगितले. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आवाज कसला येतोय? गाडी का?"

"हो. खाली रूळ आहेत."

"मग सांग तिला."

सोमवारी सांगितले. ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. चटणी मात्र तिने पुन्हा मागून घेतली आणि आजीचा हात फार तिखट म्हणत पाणी पीत बसली.